किटली

कास्त्रोच्या खाडीवर, खांबांवर उभी
ती पिवळी शाळा. शाळा तरी कसली,
दोन खोल्या, एक लाकडं जाळायची शेगडी, नऊ पोरं,
त्यातलं थोरलं अडीच वर्षांचं.
ओहोटी लागली की फळ्यांच्या फटींतून
चिखलाचा वास वर येतो.

झाकण हरवलेली एक किटली आहे इथे.
खरी. कुणाच्या तरी चुलीवरून आलेली,
बुडाला काळी, तोटीजवळ पोचा आलेली.
प्लास्टिकच्या अकरा किटल्या फडताळात पडून आहेत.
त्या कुणालाच नको असतात.

आज तिची कडी मिल्यारेच्या मुठीत
आणि तोटी एव्हारिस्तोच्या.
"माझी!"
"माझी!"
ताजा शब्द आहे, मागच्या महिन्यात
दाढेच्या मागोमाग आलेला,
आणि दाढेसारखाच शिवशिवणारा.

तिआ ओर्फेलिना धावत नाही.
येते, गुडघे कुरकुरतात, तरी उकिडवी बसते.
किटली हिसकावून फडताळावर ठेवत नाही,
आपण सगळे ठेवत आलो तशी.
नुसता तळहात खालून लावते.
म्हणजे आता ती पडणार नाही,
कुणाच्या कपाळातही बसणार नाही.

"तुला हवी आहे."
"तुलाही हवी आहे."
"किटली एकच आहे."
तीन वाक्यं. मग गप्प.

समजूत काढणं म्हणतो आपण,
जणू ती आतच असते कुठेतरी, आडात असल्यासारखी.
मग दोर सोडून थांबायला हवं
पोहरा पाण्याला टेकेपर्यंत.
थांबवत नाही, ही आपली अडचण.

एव्हारिस्तो भोकाड पसरतो.
मिल्यारे चावायला वाकते
तर तिआचा दुसरा हात तिच्या हनुवटीखाली,
ढकलत नाही, फक्त असतो.
"चावलं की दुखतं. राग आलाय ना? सांग त्याला."

सांगायला मिल्यारेकडे चौदा शब्द आहेत,
त्यातले सहा प्राण्यांचे.
ती सगळा जीव गोळा करते
आणि म्हणते,
"गाय."

एव्हारिस्तोचं रडं मधेच अडकतं.
"गाय?"
तो खिडकीकडे बघतो. गाय नाही.
तिआ हसत नाही. हे मला जमलं नसतं.

तेवढ्यात रोसेन्दा, सव्वा वर्षाची,
डुगडुगत येते आणि पोच्याखाली कप धरते.
तिला भांडण दिसलेलंच नाही.
तिला चहा हवा आहे.

ओतायचं तर कडी वर जायला हवी
आणि तोटी खाली.
एक मूठ वर जाते. एक मूठ खाली येते.
तळहात हळूच निघून जातो.
वारा ओतला जातो, कप भरतो,
रोसेन्दा फुंकर मारून पिते.

पुढच्या मिनिटाला दोघं कपावरून भांडतात.
हेही लिहायलाच हवं. आणि हेही,
की परवाच्या चाव्याचा अर्धचंद्र
एव्हारिस्तोच्या दंडावर अजून निळा आहे.

ह्या बेटावर पूर्वी अख्खी घरं ओढून नेत,
बैल, दोरखंड, सगळा गाव.
ओर्फेलिनानं लहानपणी पाहिलंय:
पडद्यांसकट चाललेलं घर,
आणि पुढे खांद्याला खांदा लावून
आबा आणि नोल्फा.

नोल्फा, बहीण, आता चार घरं पलीकडे राहते.
मध्ये आबांची होडी बांधलेली,
सात वर्षं ना हिची ना तिची,
शेवाळाची.

संध्याकाळी शाळेला कुलूप लावून
ओर्फेलिना त्या खिडकीखाली उभी राहते.
पडदा सरकतो.
तीन वाक्यं तिला पाठ आहेत,
रोज म्हणते, झोपेतही म्हणेल.

"नोल्फा," ती म्हणते.
मग बराच वेळ काही नाही.
मग, "पाणी चढतंय."

नोल्फा वाकून खांबांकडे बघते.
"चढतंय खरं," म्हणते,
आणि खिडकी लावायची राहून जाते.